गल्ल्याच्या अलीकडचे वाङ्मय

मराठीत एक लेख वारंवार लिहिला जातो. लेखक बदलतात, गावे बदलतात, लेख मात्र तोच राहतो. त्यात एक लहानसे गाव असते, गावात गोळ्या-चिक्कीचे एक घरगुती दुकान असते, दुकानात काचेच्या बरण्या असतात आणि बरण्यांमागे एक प्रेमळ म्हातारा असतो. मापापेक्षा चिमूटभर जास्तच घालण्याची त्याला सवय असते. पुढे लेखक मोठा होतो, शहरात जातो, कधीतरी परततो, आणि पाहतो तो काय, त्या जागी मोबाइलचे दुकान झालेले असते. लेखकाचा कंठ दाटून येतो, दिवाळी अंकाची चार पाने भरतात, आणि वाचकांची पत्रे येतात की अगदी आमच्याही गावात असेच एक दुकान होते हो!

ह्या लेखाशी माझे भांडण आहे. ते चवीचे भांडण नाही. गोड पदार्थावर प्रेम करू नये किंवा बालपण आठवू नये, असे म्हणण्याइतका करंटेपणा प्रस्तुत लेखकाच्या अंगी नाही. भांडण आहे ते ह्या लेखाच्या बैठकीशी. तो नेहमी गल्ल्याच्या अलीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा राहून लिहिलेला असतो. गल्ल्याच्या पलीकडे काय चालते, दुकानाच्या मागच्या दाराने काय आत येते आणि पायरीखाली कोण उभे असते, ह्यांपैकी कशाचाही त्याला पत्ता नसतो. आणि तरीही तो स्वतःला त्या दुकानाची 'आठवण' म्हणवतो. वास्तविक ती दुकानाची आठवण नसतेच; ती लेखकाच्या जिभेची असते. मराठी साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांनी हा फरक आता तरी नीट मांडायला हवा, असे मला वाटते.

हवेत बोलण्यापेक्षा एक ठिकाण धरून बोलू. कर्जत तालुका घेऊ आणि त्याच्या शेजारचा खालापूर. रायगड जिल्ह्याचा हा आतला, समुद्र न दिसणारा भाग. माथेरान कर्जत तालुक्यात आहे, आणि माथेरानच्या बाजारपेठेतील चिक्कीच्या दुकानांइतके स्मरणरंजनाला सोयीचे दुसरे स्थळ शोधूनही सापडणार नाही. लाल मातीचा रस्ता, झाडांची सावली, मोटारींना बंदी, घोड्यांच्या टापा, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याच्या नावाने चाललेली दुकाने. शाळेच्या सहलीतून परत आलेल्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक पुडके असायचेच. ह्या सामग्रीवर लेख आपोआप लिहिला जातो. लेखकाने फक्त सही करायची.

आता ह्या 'आपोआप' लिहिल्या जाणाऱ्या लेखातील पहिले असत्य पाहा. तो लेख चिक्कीला माथेरानची 'परंपरा' म्हणतो. माथेरान हे सुमारे आठशे मीटर उंचीवरचे जंगलाचे पठार. तेथे उसाचे मळे नाहीत आणि भुईमुगाची शेतेही नाहीत. चिक्कीतला गूळ आणि शेंगदाणा हे दोन्ही डोंगराखालून वर न्यावे लागतात. गिरिस्थान म्हणून माथेरानचा इतिहास सुरू होतो तोच १८५० साली, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे पोचल्यापासून. आणि नेरळहून वर चढणारी सुमारे एकवीस किलोमीटरची चिमुकली आगगाडी धावू लागली ती १९०७ साली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय ह्यांच्या खटपटीने. बाजारपेठ ह्या स्थानकाच्या आश्रयाने वाढली. चिक्की तिथे टिकली ह्याची कारणेही साधी आहेत. ती कोरडी असते, लवकर नासत नाही, पुडक्यात बांधता येते आणि हवा खाऊन परतणाऱ्या माणसाला 'आम्ही जाऊन आलो' हे शेजाऱ्यांना दाखवण्याची सोय करून देते. म्हणजे ज्या पदार्थाला आपण गावाची परंपरा म्हणतो, तो मुळात गावाबाहेरच्या माणसाच्या परतीच्या तिकिटाचा जोडीदार आहे.

घाटावरच्या लोणावळ्याची गोष्टही निराळी नाही. तेथील मगनलाल चिक्कीची जन्मकथा अशी सांगितली जाते की, बोरघाटात लोहमार्ग घालणाऱ्या मजुरांना गूळ-दाण्याचा स्वस्त आणि पोटाला आधार देणारा खाऊ विकला जात असे, त्यातूनच पुढे चिक्कीचा धंदा उभा राहिला. कथा असेल तशी असो. पण तिच्यातील मजूर हा शब्द आपले स्मरणलेख किती हलकेच गिळतात! बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे ह्या कामावर होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील हजारो मेली. तोवर लोहमार्ग एका बाजूने खोपोलीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने खंडाळ्यापर्यंत पोचला होता, आणि मधला घाट उतारू डोलीत, तट्टावर किंवा गाडीत बसून ओलांडत. ह्या सगळ्या उलाढालीतून एका पदार्थाचा जन्म सांगितला जातो आणि आपल्या लेखात उरते काय, तर धुक्यातली खिडकी आणि आजोबांनी आणलेले पुडके.

खुद्द कर्जत स्थानकाकडे पाहा. कर्जतचा बटाटावडा, दिवाडकरांचा वडा, मुंबई-पुण्याच्या प्रवाशांच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. पण गाडी कर्जतला थांबायची का? वडा खाण्यासाठी नव्हे. घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागत, म्हणून ती थांबायची. त्या थांब्याच्या मिनिटांवर एक अख्खी खाद्यसंस्कृती उभी राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागे इंजिन न जोडता घाट चढते आणि कर्जतला तिचे कामच उरत नाही. रस्त्याचेही तेच. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने खोपोली गावातून जाणारी वर्दळ उचलली आणि खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या फूड मॉलमध्ये नेऊन ओतली. दुकाने जगतात वा मरतात ती अशा कारणांनी. इंजिनाची ताकद, रस्त्याची आखणी, थांब्याची मिनिटे. आपला स्मरणलेख मात्र दोष देतो तो 'बदलत्या काळा'ला. बदलता काळ हा मराठी ललित लेखकांचा सर्वांत आवडता आरोपी आहे, कारण त्याला नाव नसते, पत्ता नसतो आणि तो उलट उत्तर देत नाही.

दुसरे असत्य दुकानदाराविषयीचे. 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक मराठीने डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. पुलंच्या माणसांना स्वतःचे बोलणे आहे, हट्ट आहेत, कुचंबणा आहे, आणि त्यांतील काहींच्या हसण्याखाली अपमानाचा सल आहे. अनुकरण करणाऱ्यांनी त्यांतून फक्त लोभसपणा उचलला. तेव्हापासून मराठी लेखातला दुकानदार हा वल्ली झाला, म्हणजे लेखकाला आवडण्यापुरता जिवंत असलेला माणूस. तो कधी हिशेब करत नाही. गुळाच्या ढेपेचा भाव वाढला म्हणून तो कधी वैतागत नाही. उधारी बुडवणाऱ्याला तो शिव्या घालत नाही. त्याच्या मुलाला हा धंदा नको आहे आणि सुनेला दिवसभर भट्टीपुढे उभे राहायचे नाही, हे आपल्याला कळतच नाही. तो फक्त चिमूटभर जास्त घालतो.

ज्याला त्या माणसाविषयी खरोखर आदर आहे, त्याने निदान त्याचे काम तरी पाहावे की नाही? चिक्की करणे हा वेळेशी चाललेला झगडा आहे. गूळ साधा चालत नाही. चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो. पाक उतरवण्याचा क्षण हातचा गेला की सगळा घाणा वाया. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, तो टणक झाला आणि ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजला म्हणजे जमला; त्याच्या आधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते, नंतर उतरवला तर कडवट होते. मग दाणे घालायचे, तूप लावलेल्या ओट्यावर तो तापलेला गोळा ओतायचा, गार व्हायच्या आत लाटायचा आणि गार व्हायच्या आतच कापायचा. हात भाजतात. हे काम करणाऱ्याच्या बोटांविषयी आजवर किती मराठी लेखांत वाचले आहे? आणि पावसाळा? माथेरानात तो धो धो कोसळतो. दमट हवेत चिक्की पाणी धरते, मऊ पडते, चिवट होते. नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्याचे चार महिने बंद असते. २००५ च्या महापुरात तिचा मार्ग वाहून गेला आणि ती पूर्ववत होण्यास २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाताहत केली, तेव्हा पूर्ण मार्गावर गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर यावा लागला. ह्या वर्षांत बाजारपेठेतल्या माणसांनी काय खाल्ले, हा प्रश्न चिक्कीच्या आठवणींशी संबंधित आहे असे कोणाला वाटतच नाही.

तिसरे असत्य सर्वांत गंभीर, आणि ते न सांगण्याचे असत्य आहे. दुकान 'सगळ्या गावाचे' होते, असे हे लेख सांगतात. कोणते सगळे गाव? माथेरानात मोटारी नाहीत, त्यामुळे तिथली शांतता लेखकांना भावते. पण दस्तुरी नाक्यापासून पुढे माल जातो तो घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून, माणसाच्या डोक्यावरून. माणसेही जात होती ती माणसाने ओढलेल्या रिक्षातून. ह्या हातरिक्षांचे परवाने होते ९४. स्वतः रिक्षा ओढणाऱ्यांनीच त्यातून सुटका मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ही पद्धत मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असे सांगून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे होत आली असताना! ज्या चिक्कीच्या दुकानापुढे आपला लेखक बालपणी रमला, त्याच दुकानापुढून ती रिक्षा चढावर ओढली जात होती. कदाचित लेखक तिच्यातच बसला होता. लेखात घोडा येतो, कारण घोडा रम्य आहे. रिक्षा ओढणारा येत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. त्यांतील मुलांच्या बालपणात बरण्यांचे दुकान कोणत्या अंतरावर होते? २०१५ साली महाराष्ट्रात चिक्की हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता, तो अंगणवाडीतील बालकांसाठी झालेल्या खरेदीच्या पद्धतीवरून आणि मालाच्या प्रतीवरून. म्हणजे एका बाजूला चिक्की हा कुपोषित मुलाच्या तोंडी जाण्यासाठी सरकारने विकत घेतलेला पोषणाचा पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला तीच चिक्की सुखवस्तू आठवणींचे प्रतीक. दोन्ही चिक्क्या एकाच भाषेत आहेत. त्या दोघींची भेट घडवून आणण्याचे काम साहित्याचे नव्हे तर कोणाचे? आणि पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तो ह्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. जेथे तळे सगळ्यांचे नव्हते तेथे दुकान सगळ्यांचे होते, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायला हवा. पुरावा नसेल तर निदान 'सगळे' हा शब्द जपून वापरावा.

माथेराननेच भाई कोतवाल दिले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, नाभिक घरात जन्मलेला वकील, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाला. त्याआधी सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याची कोठारे उभी केली होती. दाणा कोणाच्या घरात साठतो आणि कोणाला कर्जाने घ्यावा लागतो, हा ह्या डोंगराचा मूळ प्रश्न त्यांना कळला होता. आपल्या स्मरणलेखांना माथेरानचा दाणा दिसतो तो फक्त गुळात बुडालेला.

ह्यावर दोन आक्षेप येतील आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की एवढ्याशा ललित लेखावर एवढे ओझे कशाला? खाऊच्या दुकानाची आठवण लिहिणाऱ्याने काय समाजशास्त्राचा प्रबंध लिहायचा? मुळीच नाही. शेवटी अपराधी भावनेचा एक परिच्छेद जोडून मोकळे होण्याची पद्धत तर मला ह्या लेखांहूनही अधिक खोटी वाटते. माझी मागणी साहित्याचीच आहे, ती नेमकेपणाची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आजही का वाचवतात? त्यांत सोवळ्याने घर हैराण करणारे वडील आहेत, पैशाची ओढाताण आहे, नवऱ्यावरचा राग आहे, आणि ह्या सर्वांसकट माया आहे. तिथे आठवण कोणाला गोंजारत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली आणि ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'ने २००३ साली आठवण ह्या शब्दाचा अर्थच वाढवला. शाहू पाटोळे ह्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या २०१५ च्या पुस्तकाने तर शीर्षकातच आपल्या खाद्यलेखनाची पंगत अर्धी असल्याचे सांगून टाकले. एवढे सगळे मराठीत लिहून झाल्यावरही बरण्या आणि प्रेमळ म्हातारा इथेच थांबणारा लेख निरागस म्हणता येत नाही. तो न वाचलेल्या माणसाचा लेख आहे, किंवा वाचून विसरलेल्या माणसाचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॉल आणि साखळी-दुकानांच्या काळात घरगुती दुकानाची आठवण जपणे हाच एक प्रतिकार आहे, असे म्हटले जाते. हे खरे असते तर किती बरे झाले असते! पण द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये जरा उभे राहून पाटया वाचा. 'गावाकडची चव', 'आजीच्या हातची', 'पारंपरिक', 'अस्सल'. आपल्या स्मरणलेखांचा सगळा शब्दसंग्रह तिथे वेष्टनांवर छापलेला आहे. लोणावळ्याच्या रस्त्यावर एकच प्रसिद्ध नाव थोड्याफार फरकाने किती पाट्यांवर दिसते ते मोजा; 'मूळ' आणि 'खरी' हे शब्द व्यापाराचे आहेत, ते आपण साहित्यात उसने घेतले आणि मग ते साहित्याचेच आहेत असे समजू लागलो. स्मरणरंजन बाजाराला विरोध करत नाही, त्याच्यासाठी जाहिरात लिहून देते, तीही बिनपगारी. शिवाय ज्या दुकानांचे आपण मृत्युलेख लिहितो, त्यांतील कित्येक चालू आहेत. त्यांना आपल्या अश्रूंची गरज नसून गिऱ्हाइकांची, रस्त्याची, पावसाळ्यातल्या आधाराची आणि हाताखाली टिकणाऱ्या कारागिरांची गरज आहे. जिवंत माणसाला हार घालून त्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावण्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते सांगायला नको.

मुद्दा अध्यापकांपर्यंत येतो तो इथे. 'माझ्या आठवणीतले दुकान' ह्या धर्तीचे विषय आपण वर्गात देतो. कर्जत-खालापूरच्या महाविद्यालयांत ज्या वाड्यांमधून विद्यार्थी येतात, त्यांत इर्शाळवाडीसारख्या वाड्या आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती दरडीखाली गेली. ह्या मुलांपुढे आपण छापील नमुना म्हणून बरण्यांचा लेख ठेवतो. मुले हुशार असतात. गुण कशाला मिळतात हे त्यांना कळते. ती स्वतःच्या आयुष्यात कधी नसलेला प्रेमळ म्हातारा निर्माण करतात, त्याच्याकडून चिमूटभर जास्त घेतात आणि शेवटी कंठ दाटून आणतात. साहित्याच्या नावाखाली आपण त्यांना दुसऱ्याची आठवण पाठ करायला लावतो. माझ्या मते ह्या लेखनप्रकाराने केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. एका वर्गाच्या जिभेची आठवण त्याने सर्वांच्या स्मृतीचा नमुना करून ठेवली.

उपाय अवघड नाही. विद्यार्थ्याला त्याच दुकानात पाठवावे, पण गल्ल्याच्या पलीकडे. गूळ कुठून येतो, वर कोण आणतो आणि त्याला खेपेमागे काय मिळते? पाक कोण ओळखतो आणि ते त्याला कोणी शिकवले? पावसाळ्यात भट्टी बंद असते तेव्हा कारागीर कुठे जातो? तुकडे कापताना उरलेला चुरा कोण घेतो, आणि कितीला? दुकानाच्या पाटीवर ज्यांचे नाव आहे त्यांच्या घरातल्या कोणत्या बाईने किती वर्षे दाणे निवडले, आणि तिचे नाव पाटीवर का नाही? ही उत्तरे जमवून मग खुशाल आठवण लिहावी. ती गोड होणार नाही असे नाही. गुळाचीच गोष्ट आहे, ती गोड होईलच; पण कच्च्या पाकाची होणार नाही.

असो. ज्यांना बरण्या आठवून लिहायचे आहे ते लिहीत राहतील आणि दिवाळी अंक ते छापत राहतील. पण त्या लेखांना दुकानाची आठवण म्हणणे आपण थांबवू या. दुकानाची आठवण अजून लिहिली जायची आहे, आणि ती लिहिण्याचा पहिला हक्क ज्यांचे हात भाजले त्यांचा आहे.